माझ्या टेकडीचा दगड

माझं मंगळसूत्र कितीतरी वर्षं दिवसभर एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राहिलं. सकाळी अंधेरीच्या शेडमध्ये पाऊल टाकलं की आधी ते काढायचं, मग कानातल्या कुड्या, मग हातातल्या सोन्याच्या बांगड्या, आणि डब्याचं झाकण घट्ट लावून डबा साहेबांच्या कपाटात ठेवायचा. सोनं शोधणाऱ्यांनी अंगावर सोनं घालायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. आम्ही दगडाचं पीठ करून त्यात सोनं किती आहे ते मोजायचो, आणि ते इतकं थोडं असायचं की त्या पिठाला नुसती बांगडी घासली तरी सगळा आकडा बिघडायचा. म्हणून मी कामावर गळ्यात दोऱ्यात ओवलेली काळ्या मण्यांची पोत आणि हातात हिरव्या काचेच्या बांगड्या घालायचे.

सासूबाई मालवणकडच्या. त्यांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. एकदा मी दागिने डब्यातच विसरले, त्यात पोतही तुटलेली, तशीच बोरिवलीला घरी आले. दारातच त्या म्हणाल्या, "गो, गळो असो उघडो कित्याक? घोव जितो आसा मां तुझो?" घोव आत चहा पीत बसला होता आणि गालातल्या गालात हसत होता. मी सांगितलं की आई, दगडात सोनं शोधायचं तर आपलं काढून ठेवावं लागतं. त्यावर त्यांनी विचारलं, मग इतक्या वर्षांत गावलां काय? मी आत जाऊन कुकर लावला.

शेड म्हणजे अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतला एक गाळा. एका बाजूला प्लॅस्टिकच्या बादल्या बनायच्या, दुसऱ्या बाजूला रंगाचा कारखाना होता, त्यामुळे मागच्या गटारातलं पाणी कधी निळं तर कधी गुलाबी वाहायचं. दगड फोडायचं यंत्र चालू असलं की एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही, ते बंद पडलं की डोक्यावरून विमान जायचं. आम्ही मोजून पाच माणसं. साहेब, भट्टी सांभाळणारे एक काका, दगड कापणारे दोघं, आणि मी. एम.एस्सी.ला मी भूशास्त्रात पहिली आले होते, हे मी कुणालाही ओळख झाल्याझाल्या सांगायचे. न विचारता सांगायचे.

काम होतं राजस्थानातल्या एका टेकडीचं. उघडी, बोडकी टेकडी. तिच्या अंगावर जुन्या खाणींची भगदाडं होती. कुणीतरी, कुठल्यातरी काळात, तिथून चांदी काढून नेली होती. खाली अजून काही उरलंय का, हे एका खाण कंपनीला हवं होतं, आणि ते शोधून द्यायचं काम आमच्या साहेबांनी घेतलं होतं. तिकडे बोअर मारायचे. बोअरमधून दगडाच्या लांब कांड्या निघायच्या, त्याला आम्ही कोअर म्हणायचो. त्या लाकडी खोक्यांत भरून ट्रकने अंधेरीला यायच्या. इथे प्रत्येक कांडी उभी चिरायची. अर्धी खोक्यात जपून ठेवायची, अर्धी फोडून, दळून, चाळून तिचं पीठ करायचं. मग भट्टीवाले काका त्यातलं थोडं पीठ शिशाबरोबर वितळवायचे, आणि सगळं जळून-झिरपून गेल्यावर तळाशी मोहरीपेक्षाही लहान मणी उरायचा. त्याचं वजन करायचं, तो तेजाबात टाकायचा, चांदी विरघळून जायची आणि मागे राहायचं ते सोनं.

आता तुम्ही म्हणाल, टेकडीत सोनं आलं कुठून? फार फार पूर्वी जमिनीच्या पोटातलं कढत पाणी खडकाच्या भेगेतून वर चढलं. येताना ते सोनं-चांदी विरघळवून घेऊन आलं, आणि वर येऊन निवताना सगळं भेगेतच टाकून गेलं. गारेने, म्हणजे गारगोटीच्या दगडाने भरलेली ती भेग म्हणजे शीर. आमच्या टेकडीतली शीर कुठे दोन बोटं रुंद, कुठे वीतभर. तिच्यात सोनं वाढलं की चांदीही वाढायची, सोनं उतरलं की चांदीही उतरायची. एकाच पाण्यातून आलेली भावंडं ती. शिरेच्या दोन्ही बाजूंचा काळा खडक मात्र कोरडा ठक्क, त्यात सोनं औषधालाही नसायचं. एवढं लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

ती शीर जमिनीखाली कशी जाते, किती कलते, कुठे बारीक होते, ते मी काढायचे. मोठ्या कागदावर, रंगीत पेन्सिलींनी. चार वर्षं काढत होते. शीर लाल, खडक हिरवा, जुनी भगदाडं काळी. मला ती टेकडी माझ्या स्वयंपाकघरापेक्षा जास्त पाठ होती. उत्तरेच्या अंगाला शीर एकदम वळण घेत असणार आणि त्या वळणावर फुगलेली असणार, असं माझं ठाम मत होतं. भेग वाकते तिथे ती उघडते आणि तिथेच माल जास्त साचतो. तिथे वरती दगड दिसत नव्हता, नुसती माती होती, म्हणून साहेब तिथे बोअर मारायला तयार नव्हते. मी त्या मातीखाली लाल रेघ काढून ठेवली होती, तुटक तुटक, म्हणजे अंदाजाची.

आणि ही टेकडी मी कधी पाहिली नव्हती! दर थंडीत साहेब दोघातिघांना घेऊन तिकडे जायचे. दर थंडीच्या आधी मी विचारायचे. साहेब माणूस वाईट नव्हता, पण उत्तर ठरलेलं. तुम्हाला घर आहे, मुलगा लहान आहे, तिथे तंबूत राहायचं, संडासची सोय नाही. जणू त्यांना घर नव्हतं, मुलं नव्हती, आणि संडासला जावं लागत नव्हतं. मी घरी जाऊन भांडी आपटायचे. गुजरात-राजस्थानकडच्या लांबच्या गाड्या बोरिवलीला थांबतात. संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन मी पुलावर उभी राहायचे आणि त्या गाड्यांत वळकट्या चढवणाऱ्या परक्या माणसांवर जळायचे. कोण कुठली माणसं, त्यांना माझी टेकडी माहीत पण नाही, आणि तिच्या अंगाने जाणार.

मग ती आली.

माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी लहान. घाटकोपरहून बसने यायची. नुकतंच लग्न झालेलं, आणि लग्नानंतर महिन्याभरात नवरा मस्कतला गेलेला, तेव्हा जायचे तसा. पहिल्या दिवशीच मला म्हणाली, "ताई, मला सगळं शिकव हं." ताई! माझ्या कानशिलात मारल्यासारखं वाटलं. तिला मी नियम सांगितला, डबा दाखवला. तिने निमूट मंगळसूत्र, पाटल्या, कानातलं काढून दिलं. माझ्या कुड्यांशेजारी तिच्या पाटल्या पडल्या. माझ्या बांगड्यांपेक्षा त्या दुप्पट जाड होत्या, तेही मी बघून घेतलं.

तिचं सगळं माझ्या डोळ्यांत खुपायचं. ती हसायची तेव्हा साहेबही हसायचे, आणि साहेब हसतात हेच मला तोवर माहीत नव्हतं. ती डब्यात ओल्या काजूची उसळ आणायची आणि भट्टीवाले काका, जे मला कधी पाणी पण विचारायचे नाहीत, ते वाटी घेऊन उभे. तिला कमी येत होतं का? नाही ना! तेच तर दुखणं. हुशार होती. दगड हातात घेऊन भिंगातून बघायची आणि बरोबर सांगायची. चुकली असती तर मी तिच्यावर माया केली असती.

साहेबांनी कामाची वाटणी बदलली. पीठ चाळायचं काम माझ्याकडून काढून तिला दिलं. तुम्ही नकाशांकडे जास्त लक्ष द्या, म्हणाले. चाळायचं म्हणजे बारीक जाळीवर पीठ घ्यायचं आणि हाताच्या पंज्याने चोळून चोळून खाली पाडायचं. गारेचं पीठ काचेसारखं कातरतं, हाताची सालपटं निघतात. सुरुवातीलाच तिच्या बोटाला प्लास्टर दिसलं. म्हणाली, कोअरच्या धारेने कापलं गं. मी मनात म्हटलं, चार दिवसांत बाहुलीचं बोट कापलं. मला काय माहीत, ते प्लास्टर मला किती उपयोगी पडणार होतं.

त्यानंतर सोनं चढायला लागलं.

पहिल्यांदा थोडं. पुढच्या खेपेला बरंच. मग असं की भट्टीवाल्या काकांनी तराजू पुसून परत वजन केलं. जुन्याच बोअरच्या शेजारी मारलेल्या बोअरमध्ये, दक्षिणेच्या टोकाला, जिथे शीर दोन बोटांवर आली होती, तिथे. इतकंच नाही, शिरेच्या बाजूच्या काळ्या खडकातही सोनं दिसायला लागलं. साहेबांचे डोळे चमकले. म्हणजे नुसती शीर नाही, सगळा पट्टाच सोन्याचा! रुंदी वाढली! त्यांनी पेढे आणले, पेढ्यांचा पुडा तिच्याच हातात दिला आणि वाटायला सांगितलं. हिच्या हाताला यश आहे, म्हणाले. काका म्हणाले, पायगुण. मी पेढा घेतला आणि न चावता गिळला. चार वर्षं मी या टेकडीला डोळे लावले, आणि यश हिच्या हाताला. जणू इतके दिवस सोनं मीच पदराखाली लपवून ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात साहेबांनी सांगितलं की पुढचा बोअर दक्षिणेला, मोठा, खोल. कंपनीकडून शेवटची मंजुरी मिळणार होती, त्यातून एकच बोअर होणार होता, आणि माझं उत्तरेचं वळण अर्थातच बाजूला पडलं. बोअर चालू असताना जागेवर बसून कोअर वाचायला कुणीतरी लागणार. साहेब तिच्याकडे वळून म्हणाले की तू जा. नवरा परदेशात, मूलबाळ नाही, मोकळी आहेस, तुला जमेल. म्हणजे बायकांची संडासची अडचण अचानक सुटली होती. मी मोरीत गेले, नळ पूर्ण सोडला आणि रडले. दुःखाने नाही, संतापाने. तोंड धुऊन बाहेर आले तेव्हा ती दारात उभी. म्हणाली, ताई, तूपण चल ना, मी साहेबांना सांगते. ती माझी शिफारस करणार! माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

रविवारी मी सगळे कागद घरी नेऊन बाहेरच्या खोलीत लादीवर पसरले. सासूबाई एका कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या, मुलगा माझ्या टेकडीवरून पत्र्याची मोटार फिरवत होता. मला काय शोधायचं होतं ते नीट सांगते. मला ते सोनं खोटं ठरवायचं होतं. बाकी कसलाही उदात्त हेतू नव्हता. मी नवे आकडे जुन्यांशेजारी ठेवून बघत बसले आणि बघता बघता लक्षात आलं की चांदी जागची हललेली नाही. सोनं वर, आणि चांदी आपली होती तिथेच. चार वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. आणि तो काळा खडक! ज्यात जन्मात सोनं नव्हतं, त्यात आता सोनं, आणि चांदी मात्र शून्य. टेकडीतलं सोनं चांदीला सोडून एकटं कुठे जात नाही. एकटं सोनं दागिन्यात असतं.

मी मुलाला उचलून त्याचा मुका घेतला. सासूबाईंनी विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही, आई, आज मी शिरा करते.

सोमवारी साहेबांना सगळं दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाले की बाई, मन मोठं ठेवा. खडक आपल्या सोयीने वागत नाही, दक्षिणेला वेगळं पाणी आलं असेल, त्यात चांदी कमी असेल. तुमची तिच्यावर खुन्नस आहे हे सगळ्या शेडला दिसतंय. माझं मन लहान होतं, कबूल. पण चांदी काही माझ्या मनाने कमीजास्त होत नव्हती. मी म्हटलं, खोक्यातली अर्धी कोअर परत दळूया, मी स्वतः दळते. ते म्हणाले, वेळ नाही, मंजुरीचे कागद जायचेत.

मग मी तिच्यावर डोळा ठेवला. सकाळी ती डब्यात काय काय टाकते ते उभी राहून बघायचे. मंगळसूत्र, पाटल्या, कानातलं, सगळं व्यवस्थित. केसांत, पिनेत, कुठे काही नाही. माझी मलाच लाज वाटायला लागली होती, आणि लाज वाटली की मी जास्तच चिडते. एके दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो. ती भात कालवत होती आणि बोटाला प्लास्टर होतं. नवं कोरं, त्याच बोटाला. मधल्या काळात माझ्या मुलाची हनुवटी फुटून टाके पडले होते, तीही भरून आली होती. हिचं बोट अजून बरं होत नव्हतं.

मी माझा डबा झाकला. ती हात धुवायला मोरीत गेली तशी मागोमाग गेले आणि दार लोटून घेतलं.

"प्लास्टर काढ."

तिने हात मागे घेतला. मग म्हणाली की राहू दे ना ताई, चिघळलंय. मी पुन्हा तेच सांगितलं. तिने सावकाश प्लास्टर सोललं. खाली साखरपुड्याची अंगठी. नाजूक होती, सभोवार बारीक पानांची वेलपत्ती असलेली. तिने सांगितलं, नवरा निघाला तेव्हा विमानतळावर त्याने तिला शपथ घातली होती, मी परत येईपर्यंत ही बोटातून काढायची नाही. पाटल्या सासरच्या होत्या, मंगळसूत्र सगळ्या जगाचं होतं, ते काढताना तिला काही वाटलं नाही. अंगठी तिची एकटीची होती. नियमही मोडायचा नाही आणि शपथही मोडायची नाही, म्हणून तिने अंगठी प्लास्टरखाली झाकली. झाकली म्हणजे काढल्यासारखीच, असं तिला खरोखर वाटत होतं. दिवसभर चाळणीवर हात चोळून तळव्याकडचं प्लास्टर फाटायचं, आणि घरी जाऊन ती रोज सकाळी नवं लावून यायची. अंगठीकडे तिने कधी निरखून बघितलंच नव्हतं.

मी तिचा हात उलटा केला. वरच्या बाजूला पानं होती. तळव्याच्या बाजूला एकही नव्हतं, नुसती झिजलेली, बोथट तार. साहेबांचा सोन्याचा पट्टा तो. ती पानं साहेबांनी राजस्थानात शोधून काढली होती आणि पेढे वाटले होते.

ती तार बघून पोरगी मुळापासून हादरली. रडली ती टेकडीसाठी नाही, साहेबांसाठी नाही, त्या पानांसाठी. मी तिथेच उभी होते. मला आनंद झाला होता.

"साहेबांना सांगणार तू?" तिने विचारलं.

"आत्ता."

तिने नाक पुसलं. मग मान वर करून सरळ माझ्याकडे बघितलं. "तुला बरं वाटतंय ना, ताई?"

"हो," मी म्हटलं.

एवढं खरं मी तिच्याशी त्याआधी कधी बोलले नव्हते. तिने मान डोलावली, मोरीवरचा साबण घेतला, बोटाला लावला आणि अंगठी पिळून पिळून काढली. मला द्यायला लागली. मी म्हटलं, मला नको, डब्यात टाक, आणि साहेबांना मी नाही सांगत, तूच सांग. का म्हटलं कोण जाणे. कदाचित तिने सांगताना साहेबांचं तोंड कसं होतं, ते मला बाजूला उभं राहून बघायचं होतं.

बघितलं मी. साहेब आधी लाल झाले, मग पांढरे. तिला फार बोलले. मला काही बोलले नाहीत, माफीचं तर नाहीच. खोक्यातली उरलेली अर्धी कोअर बाहेर काढली. मी एकटीने चाळली, हाताची सालं निघेपर्यंत. काकांनी भट्टी लावली. सोनं पहिल्यासारखं, इवलंसं, चांदीचं बोट धरून. काळा खडक कोरडा. मी बरोबर होते. सगळ्या शेडला कळलं की मी बरोबर होते, आणि पेढे कुणी आणले नाहीत.

मग जे व्हायचं ते झालं. कंपनीला खरे आकडे गेले आणि कंपनीने हात आखडता घेतला. टेकडीत सोनं होतं, चांदी होती, पण एवढ्याशा शिरेसाठी डोंगर फोडणं कुणाला परवडणार? दक्षिणेचा बोअर रद्द. माझं उत्तरेचं वळण कुणी विचारलंही नाही. मी खरं बोलून माझीच टेकडी बंद केली होती. खोटं सोनं राहिलं असतं तर ती पोरगी तिकडे गेली असती, खरं निघालं तर कुणीच जाणार नव्हतं, असं मला वाटलं. आणि खरं सांगते, कुणीच जाणार नाही हे मला चाललं असतं.

पण जायचं होतं. तंबू गुंडाळायचे, उरलेली खोकी ट्रकवर चढवायची, शेवटची एक पाहणी करून नकाशे जागेवर ताडून बघायचे. दहाबारा दिवसांचं काम. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मी आरशात कुंकू नीट करून गेले. मुलाला सासूबाई बघतील, नवऱ्याला मी कालच घोळात घेतलं होतं. कुठल्या गाडीने जायचं तेही माझं ठरलेलं होतं, बोरिवलीलाच चढायचं.

साहेब म्हणाले, "मी तिला पाठवतोय. चुकली आहे, चार दिवस उन्हात राहील तर शिकेल. तुम्ही इथे लागता, बाई. आकडे बघणारी तुमच्यासारखी नजर माझ्याकडे दुसरी नाही."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? चुकली म्हणून ती गेली आणि चुकले नाही म्हणून मी राहिले. परत जागेवर येऊन बसले, पेन्सिलींना टोक केलं, एकूण एक सगळ्या पेन्सिलींना. संध्याकाळी तिने माझा उत्तरेकडचा नकाशा मागितला. मी गुंडाळी करून दिला. देताना हात आखडला होता, पण दिला.

ती परत आली ती काळीठिक्कर होऊन. बोटावर, अंगठी होती तिथे, पांढरा पट्टा तेवढा उरला होता. माझ्या टेबलाशी आली आणि पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेलं काहीतरी काढलं. दगड होता, दोन्ही पंज्यांत मावेल एवढा. म्हणाली, "तुझ्या तुटक रेघेवर माणसं लावून खणलं. कमरेएवढ्या मातीखाली होती गं ताई. वळलेली. फुगलेली. तू काढलीस तिथेच."

मी चार वर्षं जिला लाल रंगवत होते ती लाल नव्हती, पांढरीही नव्हती. राखाडी होती, निळसर, आणि तिच्यात बारीक काळ्या रेघा एकीला एक लागून. कुणी तिच्यावर हात ठेवला तर पहिला हात माझा असायला हवा होता. तो हिचा होता. साहेबांच्या शेवटच्या अहवालात उत्तरेची शीर प्रत्यक्ष पाहिल्याची नोंदही हिच्या नावावर पडली, आणि त्यात खोटं काही नव्हतं. तिने माझ्या बाबतीत वाईट असं काही केलं नाही. उलट दगड आणला, माझी रेघ खरी ठरल्याचं साऱ्या शेडला ओरडून सांगितलं. त्यासाठी मी तिला आजतागायत माफ केलेलं नाही.

त्या दिवशी मी तिला जेवणाच्या सुट्टीत समोर बसवलं आणि म्हटलं, सगळं सांग, काही गाळू नकोस. तिने सांगितलं. सकाळी तंबूचं कापड ओलं असतं ते. दुपारी वारा सुटला की धूळ दातांत कशी कचकच करते ते. जुन्या भगदाडात डोकावलं की आतून वटवाघळांचा वास येतो, आणि दगड टाकला तर बऱ्याच वेळाने आवाज येतो. मोर टेकडीवरून चालत उतरतात, उडत नाहीत. खणताना कुदळ मातीतून दगडावर आपटली तेव्हा खणणारे दोघंही थांबले, आणि तिने खाली उतरून हाताने माती पुसली. दगड गार होता, वर एवढं ऊन असून. मी मध्ये मध्ये विचारत होते. कुठल्या हाताने पुसलीस? बाजूचा खडक कसा होता, ठिसूळ की घट्ट? तिचा डबा तसाच राहिला. तिच्या प्रत्येक शब्दाला मी जळत होते आणि म्हणत होते, पुढे.

वर्षभरात तिचा नवरा आला आणि तिला घेऊन मस्कतला गेला. जाताना डब्यातली अंगठी आठवणीने घेऊन गेली, तिची अर्धी पानं सोडून. मी शेडमध्येच राहिले, ती बंद होईपर्यंत. टेकडी मी कधी पाहिली नाही.

दगड मात्र अजून माझ्याकडे आहे. बोरिवलीच्या घरात, टीव्हीच्या बाजूच्या शोकेसमध्ये. पाहुणे विचारतात, हे काय? मी सांगते, राजस्थानात माझी एक टेकडी होती, तिथला आहे. मातीत शीर दिसत नव्हती, पण मला माहीत होतं तिथेच असणार, म्हणून खणायला लावलं. कुदळ आपटली तसे खणणारे दोघंही थांबले. मी खाली उतरले आणि उजव्या हाताने माती पुसली. वर एवढं ऊन, पण दगड गार होता.